जानकीबाईंनी डॉक्टर व्हायचं

जोगेश्वरीच्या चाळीतल्या जानकीबाईंच्या जिभेला एक वळण होतं. उद्याची गोष्ट बोलायची झाली की पुढे 'देवाच्या मनात असेल तर' हे आलंच. उद्या दळण आणते, देवाच्या मनात असेल तर. कोकणातल्या सासूने लावलेली सवय त्यांनी मुलालाही लावली, आणि तीच त्याला नडली.

मुलगा चंद्रप्रकाश. संपात गिरणी गेली, त्याचे वडील काशीराम अंधेरीच्या एमआयडीसीत गेटवर वॉचमन झाले, तेव्हापासून घराची सगळी भिस्त या बी.एस्सी. पोरावर. एका औषध कंपनीने त्याला घेतलं. डॉक्टरांना भेटून गोळ्यांची माहिती सांगायची नोकरी, पण आधी ट्रेनिंग. मुक्काम कंपनीच्या गेस्ट हाऊसवर, दिवसभर पाठांतर, आपसातसुद्धा इंग्रजीच, घरी यायचं ते फक्त रविवारी. शेवटी परीक्षा. सर स्वतः डॉक्टर होऊन बसत आणि पोराने त्यांना औषध पटवून द्यायचं. पास तोच नोकरीत राहणार.

चंद्रप्रकाश नापास होऊन घरी आला.

"पाठ नव्हतं?" काशीरामांनी विचारलं.

"सगळ्यांत जास्त पाठ मलाच होतं, बाबा. सरांनी विचारलं, या गोळीने ताप उतरेल? मी म्हटलं, उतरेल, गॉड विलिंग." त्याने मोजे कोपऱ्यात भिरकावले. "सगळी बॅच हसली. सर म्हणाले, देव आपल्या कंपनीत कामाला नाही. तुझा औषधावर विश्वासच नाही."

"देवाचं नाव घेतलं म्हणून कोण नापास करतं?" जानकीबाईंनी विचारलं.

"कंपनी करते. आणि हे सगळं तुझ्यामुळे झालंय, आई."

जानकीबाईंची तव्यावरची भाकरी करपली.

सोमवारी फेरपरीक्षा होती, तीच शेवटची. म्हणून रविवारी दुपारी त्याने आईलाच स्टुलावर बसवलं.

"तू डॉक्टर. मी आत आलो की एवढंच विचार, ताप उतरेल का. मराठीत विचार, चालेल."

"नऊवारीतली डॉक्टरीण," काशीराम खाटेवरून म्हणाले. "फी किती गो तुझी?"

"बाबा, तुम्ही पेशंट व्हा आणि गप पडा."

जानकीबाईंनी पदर सावरला. "ताप उतरेल काय रे?"

"उतरेल, डॉक्टर. नक्की उतरेल."

"देवाच्या मनात असेल तर," जानकीबाईंच्या तोंडून गेलंच.

चंद्रप्रकाशने कपाळ धरलं. "अगं, तू डॉक्टर आहेस ना?"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो 'नक्की' म्हणाला की त्यांना राहवायचंच नाही. एवढं ठाम बोलायचं नसतं. कुणी ऐकलं, दृष्ट लागली म्हणजे? शेवटी त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. काशीराम हसत सुटले, चंद्रप्रकाश पाय आपटत बाहेर गेला, आणि जानकीबाई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. एवढासुद्धा उपयोग नाही आपला, असं त्यांना वाटलं.

सोमवारी सकाळी त्या लेण्यातल्या जोगेश्वरी देवीपुढे उभ्या राहिल्या. मागायचं काय, तेच सुचेना. पोराच्या तोंडी तुझं नाव राहू दे, हेच आजवर मागत आल्या होत्या. शेवटी पुटपुटल्या, "आजच्या दिवस त्याच्या जिभेवर येऊ नकोस, माये." आणि स्वतःचाच एवढा राग आला की अंगारा न लावताच घरी परतल्या.

संध्याकाळी चंद्रप्रकाश पेढे घेऊन आला. पास झाला होता.

"नाशिक मिळालं. येत्या सोमवारी निघणार. दोन वर्षांत मॅनेजर होतो की नाही बघ."

जानकीबाई थांबल्या, पुढचं काही येतंय का ते ऐकायला. तो हात धुवायला मोरीत गेला.

"देवीला ठेवून ये पेढे," काशीराम म्हणाले.

"आणि काय सांगू तिला?" जानकीबाई करवादल्या. "आली नाहीस, बरं केलंस, म्हणून?"

पेढ्यांचा पुडा त्यांनी फळीवर सरकवला आणि खरकटी भांडी आदळआपट करत गोळा करायला घेतली.