लूममागची भिंत

माझे सुकलालमामा सुरतजवळच्या उधन्यातले लूम फिटर, म्हणजे यंत्रमाग खोलणारे-जोडणारे. ब्याण्णव साली शेठने त्यांना जुने लूम खोलून आणायला मॉस्कोला धाडलं. क्रांतीनंतर तिथल्या एका चर्चचा कारखाना केला होता. आता राज्य पुन्हा उलटलं, म्हणून चर्च रिकामं करायचं होतं.

पान्याला हात घालण्याआधी मामांनी सवयीने लूमला नमस्कार केला. ते बघून तिथली म्हातारी कामगार बाई रडत गुडघ्यांवर बसली आणि लूममागच्या भिंतीकडे बघत छातीवर क्रूस काढू लागली. मामांनी वर पाहिलं. चुन्याचे पोपडे पडून त्याखाली झाकलेल्या देवाच्या चित्राचे दोन मोठे डोळे त्यांच्याकडेच बघत होते. सत्तर वर्षं त्या डोळ्यांदेखत कापड विणलं जात होतं.

उधन्यात लोक त्यांना हसतात. हसणाऱ्यांनी तिथं उभं राहून दाखवावं. मामा अजून पाळीला आले की आधी लूममागच्या भिंतीचा चुना नखाने खरवडून खाली कुणी बघतंय का ते पाहतात, मगच लूमला हात जोडतात.