कपाटामागचा स्फोट

वाट पाहणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. फुगा वर्षातून एकदा उडतो; बाकी दिवस वाटच!

दूर कुठेतरी तारा मरतो, काही सेकंद गॅमा किरणांनी भडकतो आणि संपतो. हवा ते किरण अडवते, म्हणून आमची छोटी दुर्बीण फुग्याला बांधून वर पाठवायची. मला असा एकच स्फोट पकडायचाय. एकच! यंदा नाही दिसला तर कॉलेजातली आमची लॅबची खोली कॉम्प्युटरवाल्यांना जाणार.

प्रताप नगरातल्या घरमालकीणबाई रोज विचारतात, "सापडलं का वं?"

"नाही, काकू."

"इतके दिवस झाले! पोलिसात कम्प्लेंट काहून नाही देत?"

*

दुर्बिणीच्या डब्यावर मराठीत सूचना असते: 'घाबरू नका, हा बॉम्ब नाही.' खाली माझा नंबर. मागच्या वर्षी डबा रामटेकजवळ धानाच्या शेतात उतरला. तिथल्या शेतकरीदादांचा फोन आला, "ताई, तुमचा डबा सांभाळून ठेवला. जेवाले या."

धावत गेले. डबा ओट्यावर लखलखत होता.

"लय चिखल होता आत," दादा अभिमानाने म्हणाले. "खोलून धुतला!"

वर्षातल्या एकुलत्या उड्डाणाची नोंद धानाच्या बांधीत वाहून गेली. मी जेवायला बसले. वांग्याची भाजी अप्रतिम होती.

*

या कामात आम्ही चौघं होतो. दोघं आधीच गेले, मग सौरभही पुण्याला नोकरीला लागला. निघताना म्हणाला, "स्फोट दिसला की पहिला फोन मला!"

त्यानंतर लॅबमध्ये मोठ्याने बोलायची सवय मला लागली. डब्याशी!

*

गेल्या महिन्यात दुपारी नवा डबा टेबलावर तपासत होते. अचानक स्क्रीनवरची गॅमा किरणांची रेषा चढली. चढतच गेली! सौरभला फोन लावला.

"सापडला!"

"डबा कुठंय?"

"टेबलावर."

"आणि टेबल?"

टेबल जमिनीवर! जमिनीवर हे किरण पोहोचतच नाहीत, हे मीच पोरांना शिकवते!

"मीटिंग आहे गं," म्हणत त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात कपाटामागे कुणीतरी खोकलं. बाकावर आमचे लॅब अटेंडंट मेश्राम काका बसले होते. आठवडाभर रजेवर होते ना हे?

"काका, तुम्ही इथे?"

"तिथंच थांब, पोरी! जवळ नको येऊ. थायरॉईडसाठी किरणांची दवा पाजली मले. डॉक्टर म्हणे, आता तुमच्या अंगातूनच किरणं निघते, काही दिवस माणसांपासून दूर राहा. घरी नातू सारखा अंगावर येते." ते ओशाळून हसले. "मंग म्हटलं, मागच्या दारानं येऊन तुह्या लॅबमधी बसू. इथं कोन येते?"

"जातो मंग. तुह्या कामात खोडा झाला."

"बसा, काका."

मी माझा स्टूल खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. रेषा संध्याकाळपर्यंत वरच होती.