एक खोटा मुहूर्त

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून पंचांग आहे. आजोबांनी काढून दिलेल्या मुहूर्तांवर निम्म्या अमरावतीची लग्नं लागली असं लोक म्हणतात. लोकांचं काय, ते म्हणायला लागले की निम्म्याचं पाऊण करतात. पण एवढं खरं, की आमच्याकडून एखादा मुहूर्त चुकला असेल, खोटा कधी गेला नव्हता. पहिला खोटा मुहूर्त मी सांगितला, तोही पोटच्या मुलाला, आणि वर देवीचं नाव घेऊन. हे लिहिताना अजून कान तापतात. तरी लिहितो, कारण पुढं जे घडलं ते माझ्या पुण्याईनं घडलं असं कुणाला वाटू नये.

स्वराज्य येऊन वर्ष व्हायचं होतं. मुलगा इंटर पास झाला आणि एकाच आठवड्यात त्याच्या नावानं दोन पत्रं आली. एक नागपूरच्या कॉलेजचं, बी.एस्सी.ला जागा मिळाल्याचं. दुसरं डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीचं. तो त्या परीक्षेला बसला होता हे मला ठाऊक होतं, पण निवडला जाईल हे मी धरलंच नव्हतं. भिक्षुकाचं पोर, अंगानं काटकुळं, त्याला कोण घेतो, या भरवशावर मी निवांत होतो. पत्रासोबत एक छापील कागद होता आणि त्यावर बापाची संमतीची सही हवी होती. डेहराडूनला वेळेत पोचायचं तर पुढच्या बुधवारी बडनेऱ्याहून गाडी धरावी लागणार होती.

तेव्हा काश्मीरात लढाई चालू होती. वर्तमानपत्र आलं की मी आधी तेवढंच वाचायचो आणि मग बाकीचं वाचायची इच्छा राहायची नाही. या मुलाच्या आधी आमची दोन लेकरं गेली होती. त्यात याच्या पत्रिकेत अष्टमात, म्हणजे मृत्यूच्या घरात, मंगळ. दुसऱ्याच्या मुलाची अशी पत्रिका समोर आली की मी ग्रहशांती करून घ्या म्हणतो, सुपारी घेतो आणि मोकळा होतो. स्वतःच्या मुलाची पत्रिका मात्र त्या आठवड्यात दहा वेळा उघडली असेल. जणू मंगळ दुसऱ्या घरात सरकून बसला असता! घास घशाखाली उतरेना. गल्लीत तारवाल्याची सायकल वाजली तरी मी दाराशी जाऊन उभा राहायचो, आणि मुलगा तर अजून समोर बसून भाकरी खात होता.

त्याला सरळ नको म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. तो हट्ट करणारा मुलगा नव्हता, त्यानं कारण विचारलं असतं आणि कारण म्हणून माझ्याजवळ भीतीशिवाय काही नव्हतं. म्हणून मी पंचांगाच्या आड लपलो. बुधवारी उत्तरेला दिशाशूल असतो, तिकडं निघू नये, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यावर तोडगाही असतो. आधी एखादा चांगला दिवस पाहून जाणाऱ्याचं प्रस्थान ठेवायचं, म्हणजे त्याचा एखादा कपडा, हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ अशी गाठोडी बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात, माणूस मग पाच दिवसांच्या आत केव्हाही निघतो. बुधवारच्या आधी रविवार होता, हस्त नक्षत्र होतं, याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. मी मुलाला सांगितलं, प्रस्थान ठेवायलाही दिवस नाही. आणि तेवढ्यावर न थांबता म्हणालो, "देवीच्याच मनात नाही रे."

त्यानं पंचांगाकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं बाबा. तुम्ही सांगून राहिले म्हणजे तसंच असेल."

त्यानं डेहराडूनचं पत्र घडी करून ट्रंकेत ठेवलं. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो नागपूरच्या खोलीबद्दल, खानावळीबद्दल बोलायला लागला, अगदी शहाण्यासारखा, आणि जेवताना माझ्याकडं पाहीनासा झाला. माझी बायको मात्र भोळी नाही. ती दोन दिवसांनी माझ्यापुढं ताट ठेवताना म्हणाली, "अहो, तुम्ही पंचांग पाहून सांगितलं की मुलाकडं पाहून?" मी तिच्यावर खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखा अंबादेवीच्या देवळाच्या आवारात बसलो होतो. भातकुलीकडच्या एका खेड्यातली बाई माझ्यासमोर येऊन टेकली. शेतकरीण, पन्नाशीची, पायावर बैलगाडीच्या रस्त्याची धूळ. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आवारात आणखी दोन जोशी बसले होते आणि त्यांच्यापुढं गिऱ्हाईकही नव्हतं, तरी ती मलाच येऊन म्हणाली, "महाराज, पोरगा माह्या पलटणीत हाय. सुटी सरली त्याची. बुधवारी बडनेऱ्याची गाडी हाय, तिकडं काश्मीराकडं जाते. बुधवारी वरतं उत्तरेकडं जाऊ नये म्हंतेत. आंधी प्रस्थान ठेवाले दिवस हाय का, तेवढं पाहून द्या जी."

तोच बुधवार, तीच दिशा, तीच गाडी. मी पंचांग उघडलं आणि उगाच पानं चाळत बसलो. हिलाही दिवस नाही म्हणावं, असं एकदा मनात येऊन गेलं. निदान माझं खोटं दोन्हीकडं सारखं राहिलं असतं. पण तिचा मुलगा हुकमाला बांधलेला होता, तो जाणारच होता. माझ्या नकारानं तो थांबला नसता, त्याची आई तेवढी वर्षभर तळमळत बसली असती. मी रविवार सांगितला. सांगताना आवाज फाटला असावा, कारण ती माझ्याकडं टक लावून पाहू लागली.

मी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?" हा प्रश्न जोश्यानं विचारायचा नसतो.

ती म्हणाली, "लागते नं जी. घास जात नाही भेवानं. पन भेव माह्यं हाय. त्याच्या गळ्यात काहून बांधू?"

मग तिनं विचारलं, की गावात कोणी ओळखीचं नाही, तर गाठोडी तुमच्याच घरी ठेवता का. देवळात ठेवा म्हणालो, तर म्हणे दहा लोक येतात, कोणी उचलून नेलं तर? मला नाही म्हणता आलं नाही. रविवारी सकाळी मुलगा तालमीत असतो, तेव्हाच या, असं मी तिला सांगितलं. एवढं होऊनही मी लपायची जागा शोधतच होतो.

रविवारी मुलगा तालमीत गेलाच नाही. दारावर हाक आली तेव्हा तोच उठला. मी धोतर सावरत बाहेर येईपर्यंत पांढऱ्या फडक्याची गाठोडी त्याच्या हातात होती.

"कशाची आहे, मावशी?" त्यानं विचारलं.

"माह्या पोराचं प्रस्थान हाय बापू. बुधवारी जम्मूकडं जाते. महाराजानं आजचा दिवस काढून देला. लय चांगला दिवस हाय म्हने."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो नुसता पाहत राहिला. मग त्यानं गाठोडी आत नेऊन देवाजवळ ठेवली, त्या बाईला पाणी दिलं आणि तिच्या मुलाची पलटण कोणती, गाडी कुठं बदलायची, हे सगळं नीट विचारून घेतलं.

ती गेल्यावर मी घरात थांबू शकलो नाही. चप्पल न घालताच देवळात गेलो आणि मंडपात उभा राहिलो. आयुष्यभर देवीसमोर काही ना काही मागत आलो, त्या दिवशी तोंडच उघडेना. शेवटी एवढंच म्हणालो, "आई, मी तुझ्या नावानं खोटं बोललो." कुठं फूल पडलं नाही, घंटा वाजली नाही. मला मात्र रडू आलं, आणि त्या बाईचं बोलणं पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. भीती माझी होती. ती मी मुलाच्या गळ्यात बांधली होती आणि गाठ देवीनं मारली म्हणून सांगितलं होतं.

घरी येऊन मी ट्रंकेतला तो कागद काढला, सही केली आणि नागपूरच्या पत्राशेजारी ठेवला. मुलाला म्हणालो, "आजचा दिवस चांगला होता. मला आधीपासून माहीत होतं. मला भीती वाटली रे."

तो म्हणाला, "मग तसं म्हणायचं होतं ना बाबा. मुहूर्त कशाला मध्ये घातला? तुम्हाला भीती वाटते म्हणाले असते, तर मी कदाचित राहिलो असतो."

"आता राहतो?" माझ्या तोंडून निघून गेलं. खोड जात नाही.

तो हसला. किती दिवसांनी हसला! "नाही. मला जायचं आहे."

हस्त नक्षत्र दिवेलागणीपर्यंत होतं. बायकोनं त्याचा एक सदरा, हळकुंड, सुपारी, तांदूळ बांधून दिले. गाठ तिनं पक्की मारली. मी गाठोडी घेऊन उत्तरेकडच्या आळीत एका यजमानाकडं धावलो. उभ्या आयुष्यात मी कुणाचं प्रस्थान पळत नेलेलं नाही.

बुधवारी बडनेऱ्याला ती बाई आणि तिचा शिपाई मुलगा भेटले. उंचापुरा, सावळा, बोलायला लाजरा. त्यानं न विचारता आमच्या मुलाची ट्रंक उचलली, डब्यात त्याच्यासाठी खिडकीजवळ जागा धरली आणि मला म्हणाला, "दिल्लीपावतर मी हावो जी संग. काळजी नोका करू." माझा मुलगा नागपूरच्या पलीकडं कधी गेला नव्हता. गाडी सुटायच्या आधी तो पाया पडला आणि मला चिडवायला म्हणाला, "बाबा, परत यायचा मुहूर्त?" मी म्हटलं, "घरी यायला मुहूर्त लागत नाही." गाडी गेल्यावर ती बाई आणि माझी बायको फलाटावर एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

ती बाई देवीनं धाडली का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. ती खरी होती, तिला गाव होतं, शेत होतं, पुढं तिच्याकडची तूरही आमच्याकडं आली. पण आवारात तीन जोशी बसलेले असताना ती माझ्यापुढं येऊन बसली, एवढं मी विसरू शकत नाही, आणि त्याबद्दल देवीचे उपकार मानल्याशिवाय माझा दिवस जात नाही. तिनं माझा मुलगा मला परत दिला, जाण्यासाठी का होईना.

भीती गेली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती आहे, फक्त आता ती माझी मी बाळगतो. रोज सकाळी देवळात जातो, मुलासाठी काही मागत नाही. एवढंच म्हणतो, "आई, आज तो कुठं आहे ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे." आणि तेवढं पुरे वाटेपर्यंत तिथं उभा राहतो. कधी ते लगेच पुरतं, कधी उभ्या उभ्या दुपार होते.