नवव्या पानावरची दुरुस्ती

दुसऱ्याचं लिखाण दिसलं की माझे हात शिवशिवतात. इथे सिंगापूरला मराठी मंडळाची स्मरणिका मी सात वर्षं काढली, त्यात ही खोड पक्की झाली. स्मरणिकेत भांडणं नसतात. कोणी तावातावाने मंडळ सोडून गेलेलं असलं, तरी छापताना ते 'वैयक्तिक कारणांमुळे' जातं. हे मी इतक्या सफाईने करायची, की सोडून गेलेले लोकही स्मरणिका मागवून घ्यायचे.

म्हणून क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमधल्या इंग्लिश आंटींनी विचारलं, "माझ्या गावच्या मीटिंगचा इतिहास टाइप करून देशील का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आंटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तरुणपणी शिक्षिका म्हणून सिंगापूरला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. आता नवरा नाही, आणि नजर तर गेल्यातच जमा. नोव्हेनाच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. त्या क्वेकर. म्हणजे ख्रिश्चनच, पण पाद्री नाही की प्रार्थनागीतं नाहीत. रविवारी सगळे एका खोलीत तासभर गप्प बसतात, कोणाला आतून काही सुचलं तर तो उभा राहून बोलतो. त्या बसण्याला मीटिंग म्हणतात आणि बसणाऱ्या मंडळींनाही. आंटींच्या खेड्यातली मीटिंग आता कायमची बंद होणार होती. पाच म्हातारी माणसं उरली होती. शेवटच्या रविवारी वाटायला एक पुस्तिका हवी होती, आणि जुनं सगळं आठवणाऱ्या एकट्या आंटीच होत्या.

शनिवारी सकाळी त्या सांगायच्या, मी टाइप करायची. दाराबाहेर ओळीने ठेवलेले चिखलाचे बूट, गवतकापणीच्या दिवसांत त्या पवित्र शांततेत घोरणारे शेतकरी, मालक असो की गडी, सगळ्यांच्या थडग्यांचे एकाच उंचीचे दगड. मला फार मजा येत होती. मग त्यांनी निर्णय कसे होत ते सांगितलं. मतदान नाही. चिटणीस तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवतो, कोणी बोललं नाही तर तो मंजूर. एकानेही मनापासून हरकत घेतली, तर थांबतो.

"आमच्या मंडळात असं केलं तर गणपती दिवाळीत बसेल," मी म्हटलं.

आंटी हसल्या नाहीत. एका ठरावाबद्दल बोलू लागल्या.

क्वेकर शस्त्र उचलत नाहीत. पण मीटिंगमधल्या एका विधवेचा मुलगा सक्तीच्या सैनिकी नोकरीला नकार न देता गेला, इथे सिंगापूरला आला आणि एकोणिसाव्या वर्षी तापाने गेला. मीटिंगच्या वहीत आपल्या मेलेल्या माणसांसोबत त्याचंही नाव लिहा, एवढंच आईने मागितलं. चिटणीस होते आंटींचे वडील. ज्याने बंदूक धरली त्याची नोंद नाही, असा ठराव त्यांनी वाचला.

"मी सतरा वर्षांची होते. तो मला आवडायचा. उभी राहिले असते तर ठराव तिथेच अडला असता. मी उठले नाही. कोणीच उठलं नाही." विधवेने सहा वर्षांच्या मुलीचा हात धरला आणि ती बाहेर पडली, ती पुन्हा आली नाही. "ती मुलगी अजून गावात आहे. हे पुस्तक तिच्यासाठी आहे. वडिलांनी काय केलं, मी काय केलं, ते तिला छापलेलं दिसलं पाहिजे."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं, नवव्या पानावर येईल असंही सांगितलं. पण पानं लावायला बसले आणि नववं पान डोळ्यांत खुपायला लागलं. निरोपाच्या पुस्तिकेत हे कसलं? स्वतःच्या वडिलांची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का कोणी? मी तो परिच्छेद काढला आणि लिहिलं, 'काही मतभेदांमुळे एका कुटुंबाचे येणे थांबले.' छापायला पाठवून दिलं. आंटींना सांगितलं नाही. त्यांना कुठे वाचता येणार होतं? खरं सांगायचं तर, आपण म्हातारीवर उपकारच केले असं मला वाटत होतं.

दीड महिन्याने त्या मुलीचं पत्र आलं. आंटींनी मला बोलावून घेतलं, न फोडलेलं पाकीट हातात दिलं आणि त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या.

पुस्तिका सुंदर झाली आहे, घोरणाऱ्या शेतकऱ्यांवर खूप हसले, असं तिने लिहिलं होतं. पुढे होतं, "या वेळी सगळं लिहिलं आहे असा तुमचा निरोप मिळाला, म्हणून शेवटच्या मीटिंगला मी त्या घरात जाऊन बसले. आई गेल्यावरही मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. पुस्तिका तिथेच दोनदा वाचली. भाऊ कुठे सापडला नाही."

ही वाक्यं मला गाळता आली असती. मी ती मोठ्याने वाचली.

"नवव्या पानावर काय आहे?" आंटींनी विचारलं.

मी सांगितलं. कोणी बदललं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला माझी लाज वाटली का?"

वाटली होती. मी हो म्हटलं.

मूळ परिच्छेद आणि माझी माफी आम्ही त्याच दिवशी पाठवली. त्याला आता चार महिने झाले. आंटी माझ्यावर रागावल्या नाहीत. शनिवारी चहा असतोच. मी खालची टपालपेटी उघडून वर जाते, आणि त्या विचारतात, "आलं का?" मी नाही म्हणते. खरंच आलेलं नसतं. तरी दर वेळी त्यांचा हात माझ्या हातातली पाकिटं चाचपून बघतो.