दोघांना न पुरणारं गरम पाणी

नवऱ्याचे शेवटचे दिवस ज्या हॉस्पिसमध्ये गेले, त्याला देणग्या मिळवून द्यायला मी जानेवारीत इथल्या बर्फगार समुद्रात डुबकी मारायचं कबूल केलं. महिनाभर सराव म्हणून थंड पाण्याने अंघोळ केली. त्या सकाळी दिवाळीसारखं अंगाला खोबरेल चोळून गेले. पाण्यात आधी श्वास अडकला, मग चक्क मजा आली. बाहेर आले तर तेल दंडांवर पांढरं थिजलेलं. सोबतच्या बायका हसल्या, मीही हसले.

घरी येऊन शॉवर सोडला. आमची गरम पाण्याची टाकी लहान. नवरा आधी शिरायचा, गाणी म्हणत बसायचा आणि मी रोज दार बडवायचे, "अरे, मला ठेव की थोडं."

त्या दिवशी कितीतरी वेळ उभी राहिले. गरम पाणी संपलंच नाही.