सासऱ्यांच्या हाती नवी गाडी

नवी गाडी घेताना मी एवढंच पाहिलं होतं की ती लहान असूनही उंच आहे. गल्लीत मावते, आणि आत बसलं की पुढच्या रिक्षावरून पलीकडचा रस्ता दिसतो.

धुळ्याला नात्यातला साखरपुडा होता. जळगावहून मी, बायको आणि तिचे आईवडील निघालो. सासरे, म्हणजे आबा, जन्मभर लाल बस चालवून निवृत्त झालेले. शहर मागे पडतंय तोच म्हणाले, "जावईबापू, जरा द्या की इकडे."

दिली. पहिल्याच ब्रेकला आम्ही सगळे पुढे फेकलो गेलो. बसच्या ब्रेकला लागायचा तेवढा जोर त्यांनी लावला होता. स्टेअरिंग एका बोटाने फिरतंय यावर तर त्यांचा विश्वासच बसेना. "हे चाकांना जोडलंय ना?" तरी वळताना ते आधी उलट्या बाजूला गाडी घेत, जणू मागून अजून बरीच बस यायची होती.

एरंडोलला बायपास सोडून त्यांनी गाडी थेट गावात घातली.

"आबा, इथे कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही. आपला रस्ता इकडूनच."

खड्ड्यांमधून जाताना गाडीला खालून काही घासलं नाही, म्हणून मी खूश. पण गतिरोधक आला की मागची सीट अशी उसळायची की बायकोचं एक वाक्य दोन तुकड्यांत ऐकू यायचं. सासूबाई तर नुसत्या देवाचं नाव घेत होत्या.

गावाबाहेर एका म्हातारीने हात दाखवला. आबांनी विचारही न करता गाडी थांबवली.

"पारोळाले जास का भाऊ?"

"बसा मावशी."

ती पिशवी सांभाळत मागे बसली. पारोळ्याला उतरताना म्हणाली, "गाडी चांगली शे, पन मांगे भलती उडस."

सासूबाई तडक उतरल्या आणि पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. "अहो, तुम्ही मागे बसा. जावई चालवतील."

आबांना मागे बसायची सवय कधी नव्हतीच. पुढच्या गतिरोधकाला त्यांचं डोकं छताला टेकलं आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हायवेला लागल्यावर गाडी तरंगत चालली. पण भरलेल्या ट्रकला ओलांडताना इंजिन कण्हायला लागलं, तसे आबा मागून ओरडले, "थर्ड! थर्ड टाका!" मी टाकला, तेव्हा कुठे ट्रक मागे पडला.

धुळ्यात पाहुणे गाडीभोवती जमले. कशी आहे, म्हणून कोणीतरी विचारलं.

"गाडी एक नंबर," आबा म्हणाले. "फक्त आमच्या जावयाला चालवता येत नाही."

परतीला मी चावी त्यांच्याच हातात दिली. सासूबाई पुढे, आम्ही दोघं मागे. प्रत्येक गतिरोधकावर आबा गाडी इतकी हळू घेत होते की सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते.