काचेवर पडलेला फ्लॅश

माझा नवरा कोणाच्याही घरी गेला की आधी छताकडे पाहतो. माणसं 'या, बसा' म्हणत असतात, कोणी पाण्याचा तांब्या पुढे करतं, आणि हा मान वर करून उभा. लोकांना वाटतं, जळमटं शोधतोय. मला पाहायला आला तेव्हाही हेच. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मुलगा आढ्याला डोळे लावून बसलेला. माझी आई घाईघाईने आत आली आणि म्हणाली, "पोराले आपलं घर पसंत नाई वाट्टे." नंतर कळलं की तो फोटोग्राफर आहे, आणि आमचं छत बुटकं, चुन्याने पांढरं केलेलं, म्हणून त्याला फार आवडलं होतं. मी आवडले की नाही, ते त्याने दोन दिवसांनी निरोप पाठवून कळवलं. छताचा नंबर माझ्या आधी लागला होता, हे मी कधी विसरले नाही.

त्याचं नाव प्रसेनजित. लिहिताना नाव घेते, घरात मात्र 'अहो'च. आमचं दुकान वडनेर भोलजीला, फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्स. सासरे किसनराव नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. थोरल्यानेही तिथेच लागावं असं त्यांच्या मनात होतं. पण हा स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत पडदे झटकायला लागला, आणि झटकता झटकता कॅमेरा शिकला. दोन वर्षं त्याने नुसता लोकांच्या तोंडावरचा उजेड पाहिला, असं तो सांगतो. खरं असेल. मी बोलत असले तरी तो कधी कधी मी काय बोलते ते ऐकत नाही, माझ्या गालावर खिडकीचा उजेड कुठवर आलाय ते पाहतो.

आता फ्लॅशचं सांगते, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यातून टुणकन वर येतो तो एक फ्लॅश. तो कॅमेऱ्यातच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. पण तो अंधारात कोणी तोंडावर बॅटरी मारावी तसा सरळ येऊन आदळतो. कपाळ चमकतं, डोळे लाल होतात, पांढऱ्या कपड्यावरची नक्षी पुसली जाते. दुसरा फ्लॅश वेगळा मिळतो, कॅमेऱ्यावर बसवायचा. त्याची मान वळते. ती छताकडे वळवली की उजेड छताला लागून हळूहळू खाली उतरतो आणि काळ्यासावळ्या तोंडावरही असा पसरतो की बघत राहावं. नवी पोरं दुकानात येऊन विचारतात, कोणता बरा? प्रसेनजित त्यांना समजावतो, "घरातले दोन-चार माणसं जवळून काढाचे असन, नाई तं उन्हात तोंडावरची सावली काढाची असन, तं कॅमेऱ्यातला पुरे. वेगळा घेतला तं तो सेल खाते, वजन राह्यते, अन् हात बसेपर्यंत दहा फोटो वाया घालवते. पण लग्नं काढाचे असन तं त्याच्याशिवाय भागत नाई." तो फ्लॅश तो माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवतो. माझी ओढणी, मला न विचारता.

मला ह्या वस्तूचा हेवा वाटतो. हसा खुशाल.

आमच्या लग्नात तो वेगळा फ्लॅश त्याच्याजवळ होता. नवाकोरा होता. मंडपातच, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, बॅगेत. पण नवरदेवाला स्वतःचे फोटो काढता येत नाहीत, म्हणून कॅमेरा दिला दीपकच्या हातात. दीपक त्याचा लहानपणचा मित्र, मोटारसायकल दुरुस्त करतो. प्रसेनजितने हिशेब केला की दीपकला मान वळवायचा फ्लॅश जमणार नाही, एखादा फोटो काळा, एखादा पांढराफटक येईल. त्यापेक्षा कॅमेऱ्यातलाच बरा, आपोआप उठतो, आपोआप पडतो. "घरचंच लग्न आहे, चालते," असं तो म्हणाला. परक्यांच्या मुलींना वेगळा फ्लॅश, आणि घरचीला चालते.

आमच्यात लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. मागे टेबलावर काचेच्या दोन चौकटींत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. पुढे आम्ही दोघं. दीपक प्रत्येक वेळी बरोब्बर समोर, मधोमध उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी फ्लॅश काचेवर आपटून परत आला. अल्बम आला तेव्हा पाहिलं, माझी साडी म्हणजे नुसता पांढरा कापूस, आणि मागे बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर एक भलामोठा पांढरा चट्टा. एका नाही, स्टेजवरच्या सगळ्या फोटोंत.

सासूबाईंनी, म्हणजे बेबीताईंनी, अल्बम दोनदा पाहिला आणि मिटला. "बाबासाहेबाच्या तोंडावर असा चट्टा पडलेला फोटो आपल्या घरात भिंतीवर लागनार नाई," त्या म्हणाल्या. त्यांचं चुकीचं नव्हतं. मीही तो लावला नसता. अल्बम माझ्या ट्रंकेत गेला, आणि बैठकीतल्या भिंतीवर जो खिळा माझ्यासाठी ठोकला होता त्याला सासऱ्यांची पिशवी लटकू लागली.

मग धाकट्या दिराचं, राजकुमारचं, लग्न ठरलं. छकुली आली. लाडाने ठेवलेलं नाव तिला असं चिकटलं की पत्रिकेतही तेच छापलं. त्या लग्नात प्रसेनजित स्वतः कॅमेऱ्यामागे होता. त्याने मंडपात आल्याआल्या वर पांढरं कापड ताणून लावून घेतलं. मग मला हाक मारली, "महामाया, इथं उभी राय बरं." नवरीच्या जागी मला उभं केलं. मी त्या दिवशी मोतिया रंगाची साडी नेसले होते, केसांत मोगरा होता. त्याने फ्लॅशची मान वर केली, फोटो काढला, पाहिला, फ्लॅश जरासा कमी केला, पुन्हा काढला. मी जवळ जाऊन पाहिलं. देवाशपथ म्हणणाऱ्यातली मी नाही, पण इतकी चांगली मी कधी दिसले नव्हते. काचेवर ठिपका नाही. साडीचा काठ न् काठ दिसतोय. तेवढ्यात तो म्हणाला, "झालं, लाईट बसला. सरक, नवरीले येऊ दे." आणि माझ्यासमोर बटण दाबून तो फोटो पुसून टाकला. कार्डात जागा हवी होती म्हणे.

आज बैठकीत छकुलीचा फोटो आहे, हाताच्या दोन वितींहून मोठा, सोनेरी चौकटीत. पिशवी काढून त्याच खिळ्याला लावलाय. रोज सकाळी झाडताना मी त्याच्याखालून जाते. पाहुणे येतात, 'वा' म्हणतात, आणि विचारतात, "अन् मोठ्या सुनेचा नाई?" सासूबाई सांगतात, "तिचा चांगला नाई आला." माझा चांगला आला नाही, असं ऐकू येतं ते. फोटो नाही, मीच. छकुली वाईट नाही. कामाला वाघीण आहे, मला ताई ताई करते. पण ती फोटोवरची धूळ पदराने पुसते ना, तेव्हा माझ्या पोटात दुखतं ते दुखतंच.

यंदा तिच्या मुलीचं नामकरण घरी होतं. बैठकीत बायकाच बायका, दारा-खिडक्यांत माणसं, त्यामुळे खोलीत भर दुपारी अंधार. टेबलावर त्याच दोन चौकटी, पुढे छकुली बाळ मांडीवर घेऊन पांढऱ्या साडीत. प्रसेनजितने ओढणी सोडून फ्लॅश काढला, बसवला, बटण दाबलं. काही नाही. सेल उतरले होते, आणि भरलेले सेल नांदुऱ्याच्या हॉलमध्ये, आदल्या दिवशीच्या लग्नात, चार्जरमध्येच राहिले होते. तो कपाळाला हात लावून उभा राहिला.

मला आनंद झाला. मी तो लपवलासुद्धा नाही, लपवायला तिथे माझ्याकडे कोण पाहत होतं? आता कॅमेऱ्यातला फ्लॅश उठणार, आता हिच्याही साडीचा कापूस होणार, आता हिच्याही डोक्यामागे तो चट्टा येणार. मी गर्दी सारून त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले. तो चट्टा मला सगळ्यांच्या आधी पाहायचा होता.

प्रसेनजितने कॅमेऱ्यातला फ्लॅश उठवला. त्यावर पातळ पांढरा रुमाल धरला. समोरून निघून तो कोपऱ्यात गेला, टेबलाला तिरका उभा राहिला आणि फोटो काढला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं. काच स्वच्छ. बाबासाहेबांचा चेहरा स्वच्छ. साडीची बुट्टी दिसत होती, बाळाच्या भुवयासुद्धा.

म्हणजे एवढंच होतं? बाजूला सरकायचं?

जेवणं सुरू झाली तशी मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. बुंदीची परात माझ्या हातात होती, ती आदळलीच. "तिरकं उभं राह्यलं तं काचेवर येत नाई?"

"नाई येत. सरळ मारला तं सरळ वापस येते."

"हे तुम्हाले तवा माहीत नव्हतं?"

"होतं ना."

"मंग दीपकले सांगितलं काऊन नाई? एवढं तोंडातून निघालं नसतं, 'बाजूले सरक बे' म्हणून? दुनियेच्या घरचे छत पाह्यता तुम्ही!"

त्याने परात उचलली. "ध्यानातच नाई आलं," म्हणाला, आणि बुंदी घेऊन पंगतीत गेला.

ध्यानात आलं नाही! ज्या माणसाला परक्या घरातल्या पोपटाच्या पिंजऱ्यावर कुठून उजेड पडतो ते ध्यानात येतं, त्याला बायकोच्या लग्नात आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच आतल्या खोलीत गेले, ट्रंक उघडली, अल्बम काढला. त्याच्यापुढे पान न् पान उघडून प्रत्येक चट्ट्यावर बोट ठेवायचं, पाहुण्यांसमोर ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. अल्बम बाजेवर टाकून ट्रंक लावते तोवर छकुली बाळाला पाजायला आत आली.

"तुमचा आहे का, ताई? मले तं कधी दाखवलाच नाई." आणि माझं उत्तर यायच्या आत तिने एका हाताने पान उलटलं.

मी दात आवळून उभी राहिले. आता ही म्हणणार, अरे अरे, काय हो झालं हे. कीव करणार माझी. तिची कीव मला तिच्या फोटोपेक्षा जड गेली असती.

ती चट्ट्याबद्दल काही बोललीच नाही. पुढचं पान उलटलं. मग मागचं. "ताई, भासरे कुकडे पाहून राह्यले?" थोरल्या दिराला, म्हणजे प्रसेनजितला, ती भासरे म्हणते.

"कुकडे म्हंजे?"

"दीपकभाऊ तं समोर आहे ना? सगळे समोर पाहून राह्यले. आत्याबाई समोर, मामाजी समोर. भासरे तुमच्याकडंच. हे पाहा. याच्यातबी. याच्यातबी."

मी वाकले. मी त्या फोटोंत इतकी वर्षं फक्त एक पांढरा ठिपका पाहिला होता. त्याच्या खाली, माझ्या कापसासारख्या साडीच्या शेजारी, हा माणूस उभा होता. मान माझ्याकडे वळवलेली. हाराच्या फोटोत माझ्याकडे. पंचशील घेताना हात जोडलेले, डोळे माझ्याकडे. फुलं पडताना सगळ्यांनी डोळे मिटलेत, याचे उघडे. कॅमेऱ्याकडे, फ्लॅशकडे, मंडपाच्या छताकडे, एकाही फोटोत नाही.

छकुलीने दारातून बैठकीतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथून सोनेरी चौकट दिसत होती. राजकुमार छाती काढून, हनुवटी वर करून, आधार कार्डाला बसल्यासारखा थेट कॅमेऱ्यात पाहत होता. शेजारी छकुली फार सुंदर दिसत होती. तिच्याकडे त्या फोटोत कोणीच पाहत नव्हतं.

"आमच्या याईनं तं एकदाबी वळून नाई पाह्यलं," चौकटीतल्या राजकुमारकडे पाहत ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी ओळखला, रोज सकाळी झाडताना माझ्याही तोंडावर तोच असतो.

तिने अल्बम मिटायला घेतला. मी बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं, पानं उलटायला तिचे दोन्ही हात मोकळे केले.

"पाह्य ना," मी म्हटलं. "पुढं अजून आहेत."